जॉयस्टिक भलतेच आकडे दाखवतेय? तारा उपटण्याआधी हे तपासा

पाच पिना, वर अंगठ्याएवढी टोपी आणि खाली छोटासा बोर्ड. केवाय-०२३ या नावाने ओळखलं जाणारं जॉयस्टिक मॉड्यूल जोडायला पाच तारा लागतात आणि वाचायला चार ओळींचा कोड. तरीही ‘मॉड्यूल खराब आलंय’ म्हणून जी माझ्या टेबलावर आली, त्यांतली खरोखर खराब फार थोडी निघाली. बाकीच्यांचं दुखणं तारेत, कोडमध्ये नाहीतर चुकीच्या पिनेत होतं. तेच ते बिघाड इतक्यांदा पाहिलेत की आता मी मॉड्यूलला हात लावण्याआधी आकडे विचारतो.

तर आधी आकडे मिळवा. तुमचा मोठा प्रोग्राम बाजूला ठेवा. एक्स, वाय आणि बटण ही तीन रीडिंग एका ओळीत सिरीयल मॉनिटरवर (बोर्डने पाठवलेले आकडे दाखवणारी संगणकावरची खिडकी) छापणारा अगदी छोटा कोड चढवा. त्यात मॅपिंग (आकडे दुसऱ्या मापात बदलणं) नको, सर्व्हो (ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटार) नको, स्क्रीन नको. मॉनिटरवर चित्रविचित्र अक्षरं दिसली तर कोडमधला आणि मॉनिटरमधला वेग जुळत नाहीये, एकीकडे ९६०० आणि दुसरीकडे ११५२००. जॉयस्टिकचा त्याच्याशी संबंध नाही.

आर्डुइनो उनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डवर पाच व्होल्टला जोडलेलं निरोगी मॉड्यूल असं वागतं: दांडी मोकळी सोडली की दोन्ही अक्ष ५१२ च्या आसपास, टोकांना ० आणि १०२३, बटण एरवी १ आणि दाबल्यावर ०. मध्य नेमका ५१२ येत नाही. ४९५ किंवा ५२५ आला तर तो बिघाड नव्हे, स्वस्त स्प्रिंगचा स्वभाव आहे.

लक्षणं

अक्षांचे आकडे आणि बटण एकत्र बघा. निम्मं निदान तिथेच होतं.

- दोन्ही अक्ष १०२३ वर चिकटलेत आणि बटण दाबलं तरी १ च: ग्राउंडची तार पोचत नाहीये.
- दोन्ही अक्ष ०, पण बटण व्यवस्थित चालतंय: पाच व्होल्टची तार पोचत नाहीये.
- दोन्ही अक्ष छान चालतात पण दिशा उलट, आणि बटण मेलेलं: ग्राउंड आणि पाच व्होल्टची अदलाबदल झालीये.
- एक अक्ष ठीक, दुसरा त्याची नक्कल करतोय: दुसऱ्याची सिग्नलची तार सुटलीये.
- मध्य ३३८ च्या आसपास, आणि कितीही ढकललं तरी ६७५ च्या वर जात नाही: मॉड्यूल ३.३ व्होल्टवर आहे.
- मध्यातच १०२३, आणि दांडी एका टोकाला नेली तरच आकडा उतरतो: संदर्भ व्होल्टेज (बोर्ड ज्याला १०२३ मानतो ते) चुकलंय.
- टोकं बरोबर, पण मध्य २५ ते ५५ ने वर सरकलाय: बहुधा ॲनालॉग पिनेचा पुलअप (पिनेला वर ओढून धरणारा चिपमधला रोध) चालू राहिलाय.
- हात न लावता आकडा पाच-दहाने नाचतो, आणि मोटार चालू झाली की पन्नासने: वीजपुरवठा.
- बटण कुणी न दाबता दाबलं जातं: पुलअप नाही.
- दांडी एका विशिष्ट बाजूला नेली की बोर्ड बंद पडतो, यूएसबी सुटते किंवा गरम वास येतो: आत्ताच केबल काढा, मग पुढचं वाचा.

शेवटचं लक्षण आधी

कारण त्यात बोर्ड जाऊ शकतो. जॉयस्टिकच्या आत प्रत्येक अक्षासाठी साधारण १० किलोओहमचा एकेक पोटेंशिओमीटर असतो. त्याचं एक टोक पाच व्होल्टला, दुसरं ग्राउंडला, आणि मधला सरकता स्पर्श एक्स किंवा वाय पिनेवर. आता पाच व्होल्टची तार चुकून एक्सच्या पिनेवर गेली असं समजा. दांडी मध्यावर असताना काहीच जाणवत नाही, कारण मध्ये पुरेसा रोध आहे. दांडी ग्राउंडच्या टोकाकडे नेली की सरकता स्पर्श थेट ग्राउंडला भिडतो आणि पाच व्होल्ट शॉर्ट होतात. उनोवर यूएसबीच्या वाटेत आपोआप पूर्ववत होणारा ५०० मिलीॲम्पिअरचा फ्यूज असतो, तो बऱ्याचदा बोर्ड वाचवतो. पोटेंशिओमीटरची कार्बन पट्टी मात्र तेवढी नशीबवान नसते.

म्हणून हे लक्षण दिसलं तर दांडी हलवून ‘परत एकदा बघू’ करू नका. वीज काढा आणि पाचही तारा एकेक करून मॉड्यूलवर छापलेल्या नावाशी पडताळा. रंगावर विश्वास ठेवू नका. लाल तार म्हणजे पाच व्होल्ट हे तुम्ही ठरवलेलं असतं, तारेला ते माहीत नसतं.

तारा: फुकटची तपासणी

वर बटणाला इतकं महत्त्व का दिलं ते सांगतो, म्हणजे यादी पाठ करावी लागणार नाही. बटणाचं एक टोक मॉड्यूलच्या ग्राउंडला जोडलेलं आहे, दुसरं बटणाच्या पिनेला. पाच व्होल्टशी त्याचा संबंधच नाही. त्यामुळे पाच व्होल्टची तार तुटली तरी बटण चालतं, कारण त्याला लागणारा वरचा ओढा बोर्डच्या आतल्या पुलअपकडून मिळतो. ग्राउंड तुटलं तर मात्र बटण दाबून ते कशाला जोडणार? आणि दोन्ही पोटेंशिओमीटरना खाली खेचणारं कुणी उरत नाही, म्हणून दोन्ही अक्ष वर जाऊन बसतात. पाच व्होल्ट आणि ग्राउंडची अदलाबदल झाली तर पोटेंशिओमीटरना फरक पडत नाही, ते फक्त उलट मोजतात. बटण मात्र दाबल्यावर ग्राउंडऐवजी पाच व्होल्टला जोडलं जातं, म्हणजे १ चं १ च राहतं. अशा वेळी लोक कोडमध्ये १०२३ मधून वजाबाकी करून दिशा सरळ करतात आणि मेलेल्या बटणासाठी नवीन मॉड्यूल मागवतात. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला.

नक्कल करणाऱ्या अक्षाची गोष्ट याहून गमतीची. उनोच्या चिपमध्ये ॲनालॉग मोजणारा भाग एकच आहे, सहाही पिना त्याला आळीपाळीने जोडल्या जातात. मोजायच्या आधी आतला एक अगदी छोटा कपॅसिटर त्या पिनेच्या व्होल्टेजला भरला जातो. वायची तार सुटली असेल तर त्या पिनेकडून कपॅसिटरला काहीच मिळत नाही आणि त्यात आधीच्या एक्सच्या मोजणीचा उरलेला चार्ज वाचला जातो. म्हणून एक्स हलवला की वायही हलतो, थोडासा ढिला, थोडासा मागे. लोकांना वाटतं दोन अक्ष आतून शॉर्ट झालेत. शॉर्ट नाही, एक तार सुटलीये. खात्री करायची तर वायच्या तारेवर बोट ठेवा. आकडा उड्या मारू लागला तर ती पिन हवेत आहे.

तार सुटते कुठे? माझ्या अनुभवात तीन जागा. पहिली, जंपर वायरच्या टोकाचा काळा ठोकळा. आतली पत्र्याची पकड ढिली झालेली असते आणि बाहेरून सगळं घट्ट दिसतं. तार बदलून बघणं हाच उपाय, दाबून नीट बसवण्यात वेळ घालवू नका. दुसरी, ब्रेडबोर्डच्या कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या. लांब ब्रेडबोर्डवर त्या कधीकधी मधोमध तुटक असतात. छापलेली रेघ जिथे थांबते तिथे आतलं कनेक्शनही थांबतं. वरच्या अर्ध्यात वीज दिली आणि खालच्या अर्ध्यात मॉड्यूल लावलं की झालं. तिसरी, मॉड्यूलवरच्या आडव्या पिनांचं सोल्डरिंग. त्यावर पुढे येतो.

एक सोपी युक्ती: बोर्डच्या बाजूला एक्स आणि वायच्या तारा आपसात बदला. बिघाड दुसऱ्या अक्षाकडे गेला तर दोष तार किंवा मॉड्यूलचा. जागचा हलला नाही तर बोर्डची पिन किंवा कोड. दहा सेकंदांत शोध अर्ध्यावर येतो.

कोड: हेही फुकट

आधी पिनेचा क्रमांक. तार ए१ वर आणि कोडमध्ये ए०, हे इतकं साधं आहे की ते कुणी तपासत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

उनोवर ए४ आणि ए५ या पिना आयटूसीसाठीही (स्क्रीनसारखी उपकरणं दोन तारांवर जोडायची पद्धत) वापरल्या जातात. जॉयस्टिक तिथे असेल आणि नंतर तुम्ही छोटी ओएलईडी स्क्रीन जोडली, तर दोन्ही बिघडतात. ‘कालपर्यंत चालत होतं’ असं सांगणाऱ्याला मी आधी विचारतो, काल आणि आजच्या मध्ये काय जोडलं? ए० आणि ए१ वापरा, भांडण मिटतं.

बटणाची पिन नुसती इनपुट म्हणून ठेवली तर ती हवेत राहते आणि आसपासच्या विजेचा गोंगाट वाचत बसते. ती ‘इनपुट पुलअप’ करायची. मग चिपच्या आतला २० ते ५० किलोओहमचा रोध तिला वर धरून ठेवतो आणि बटण दाबल्यावर ती खाली येते. म्हणजे दाबलेलं बटण ० असतं. कोडमध्ये ‘१ असेल तर’ असं लिहिलं असेल तर सगळं उलट चालेल. मॉड्यूलवर पुलअपसाठी रिकामी जागा छापलेली दिसते, रेझिस्टर तिथे पुष्कळदा बसवलेलाच नसतो. त्या जागेवर विसंबू नका. बटण एका दाबात दोन-तीनदा मोजलं जात असेल तर ते स्पर्शाचं थरथरणं आहे. पहिला बदल दिसल्यावर २० ते ५० मिलीसेकंद थांबून पुन्हा वाचा.

नॅनो बोर्डवर ए६ आणि ए७ फक्त ॲनालॉग आहेत. बटण तिथे जोडून पुलअप मागितला तर तो मिळत नाही, कुरकुरही होत नाही, नुसतं चालत नाही. पिन ० आणि १ सिरीयलसाठी असतात, बटण तिथेही नको. नाहीतर कोड चढवताना बोर्ड रुसतो.

उलट, ॲनालॉग पिनेला पुलअप लावू नका. कुठल्यातरी उदाहरणातून उचललेल्या कोडात सगळ्याच पिना पुलअप केलेल्या असतात. दांडी टोकाला असताना सरकता स्पर्श थेट पाच व्होल्टला किंवा ग्राउंडला असतो, तिथे पुलअपचं काही चालत नाही. मध्यावर मात्र तो रोध आकडा वर ओढतो. पाच व्होल्टच्या बोर्डवर हिशेबाने २५ ते ५५ च्या दरम्यान. टोकं शुद्ध आणि मध्य वाकडा असं दिसलं की पुलअप शोधा.

संदर्भ व्होल्टेजचा घोळ क्वचित होतो, पण झाला की डोकं खातो. आधीच्या प्रयोगातली अंतर्गत १.१ व्होल्टचा संदर्भ निवडणारी ओळ कोडमध्ये राहून गेली, तर १.१ व्होल्टच्या वरचं सगळं १०२३ दिसतं. दांडीच्या जवळजवळ चार-पंचमांश प्रवासात आकडा हलत नाही. ती ओळ काढून टाका.

आणि आकडे बरोबर असूनही परिणाम चुकीचा असेल तर? दांडीने एलईडीचा उजेड कमी-जास्त करताना तो एका प्रवासात चार वेळा उजळून मालवला, असं एकाने दाखवलं होतं. रीडिंग १०२३ पर्यंत जातं आणि उजेडाची आज्ञा २५५ पर्यंतच घेते. काही पिनांवर २५५ च्या पुढचा आकडा पुन्हा शून्यापासून मोजला जातो. चारने भागा.

बोर्ड कोणता आहे?

उनोचं उदाहरण बघून ईएसपी३२ या ३.३ व्होल्टच्या वायफाय बोर्डला जोडणाऱ्यांची वेगळीच रांग असते. मॉड्यूलवर ‘+५ व्होल्ट’ छापलंय म्हणून पाच व्होल्टच द्यायला हवेत असं नाही. आत दोन पोटेंशिओमीटर आणि एक बटण आहे, पाच व्होल्टची गरज असलेली चिप नाही. ईएसपी३२ किंवा रास्पबेरी पाय पिको असेल तर मॉड्यूलला ३.३ व्होल्ट द्या. पाच दिले तर दांडी अर्ध्याच्या जरा पुढे जाताच रीडिंग वरच्या टोकाला चिकटतं, आणि त्याहून वाईट म्हणजे चिपच्या पिनेवर तिला न झेपणारं व्होल्टेज येतं. ती काही दिवस सहन करते, मग एक दिवस करत नाही. साधा नियम: बोर्डच्या पिना ज्या व्होल्टेजवर चालतात तेच मॉड्यूलला. उनोला ५, ईएसपी३२ आणि पिकोला ३.३.

ईएसपी३२ चं रीडिंग ० ते ४०९५ येतं, तेव्हा ५१२ शोधत बसू नका. मध्य २०४८ ऐवजी १८०० ते १९०० च्या घरात आला तरी दचकू नका. त्याचं ॲनालॉग मोजमाप सरळ रेषेत नाही, आणि दोन्ही टोकांच्या जवळ ते आधीच ० किंवा ४०९५ वर जाऊन बसतं. हा त्या चिपचा गुण आहे, जॉयस्टिक बदलून जाणार नाही.

मूळ ईएसपी३२ मधला मोठा सापळा वायफायचा. त्याच्या ॲनालॉग पिना दोन गटांत आहेत, आणि दुसऱ्या गटातल्या पिना (०, २, ४, १२ ते १५, २५ ते २७) वायफाय चालू असताना वाचता येत नाहीत. म्हणून टेबलावर नुसती जॉयस्टिक तपासताना सगळं छान, आणि वायफायचा कोड जोडला की आकडा गोठतो. माणूस वायफायच्या कोडमध्ये चूक शोधत दोन रात्री घालवतो. ३२ ते ३९ मधल्या पिना वापरा. त्यातही ३४ ते ३९ ना आतला पुलअप नाही, म्हणून बटण तिथे लावू नका. बटण शून्य क्रमांकाच्या पिनेवरही नको. ते दाबलेलं असताना बोर्ड रीसेट झाला तर तो प्रोग्राम चालवायच्या ऐवजी नवीन कोडची वाट बघत बसतो.

पिकोवर जॉयस्टिकसाठी जीपी२६, २७ आणि २८ याच पिना, आणि मायक्रोपायथनमध्ये रीडिंग ६५५३५ पर्यंत जातं. ईएसपी८२६६ ला ॲनालॉग पिन एकच, त्यामुळे दोन अक्ष थेट वाचताच येत नाहीत. आणि मोठ्या रास्पबेरी पायला ॲनालॉग इनपुटच नाही. तिथे एमसीपी३००८ सारखी वेगळी चिप मध्ये लागते. ‘पायवर फक्त ० आणि १ येतंय’ याचं उत्तर एवढंच.

वीज आणि गोंगाट

जॉयस्टिक आणि मोजणारी चिप एकाच पाच व्होल्टवर असतील तर एक छान गोष्ट घडते. यूएसबीतून पाचऐवजी ४.७ व्होल्ट आले तरी रीडिंग बदलत नाही, कारण मोजायची वस्तू आणि मोजपट्टी दोन्ही सारख्याच आक्रसतात. हा फायदा जॉयस्टिकला वेगळी बॅटरी लावली की जातो. वेगळी बॅटरी लावून ग्राउंड एकत्र केलं नाही तर आकड्यांना काही अर्थच उरत नाही. जॉयस्टिक बोर्डच्याच पुरवठ्यावर ठेवा.

सर्व्होचं उलट. त्याला स्वतंत्र पुरवठा द्या आणि फक्त ग्राउंड एकत्र करा. सर्व्हो हलायला लागताना क्षणभर भरपूर करंट ओढतो, बोर्डचे पाच व्होल्ट खाली बसतात, रीडिंग उडतं, उडालेल्या रीडिंगमुळे सर्व्हो पुन्हा हलतो, आणि दोघं एकमेकांना नाचवत राहतात. तपासणी अगदी सोपी: सर्व्होची वीज काढा आणि आकडे बघा. शांत झाले तर जॉयस्टिक निर्दोष.

सर्व्हो नसतानाही आकडा दोन-तीनने थरथरत असेल तर ते नेहमीचंच. आठ किंवा सोळा रीडिंगची सरासरी घ्या. तारा हातभर लांब असतील तर बोर्डजवळ, सिग्नल आणि ग्राउंडच्या मध्ये १०० नॅनोफॅरडचा, म्हणजे १०४ छापलेला सिरॅमिक कपॅसिटर लावा. हाताच्या हालचालीला त्याने जाणवण्याइतका उशीर होत नाही.

आता डेडझोन. दांडी सोडल्यावर ती दरवेळी त्याच आकड्यावर परतत नाही, म्हणून मध्याच्या दोन्ही बाजूंना वीस ते चाळीस आकड्यांचा पट्टा शून्य मानायचा. मध्य ५१२ गृहीत धरू नका. बोर्ड सुरू होताना पन्नासेक रीडिंगची सरासरी काढा आणि तो मध्य धरा. त्या वेळी दांडीला कुणी हात लावलेला नसावा एवढी एकच अट. मध्य ५३० निघाला तर ० ते ५३० आणि ५३० ते १०२३ या दोन बाजू वेगवेगळ्या मापाने उलगडा, म्हणजे दोन्हीकडे पूर्ण वेग मिळेल. काही मॉड्यूलांत दांडी भौतिक टोकाला पोचायच्या बरीच आधी रीडिंग १०२३ होतं. ती रचनाच तशी आहे, तिथे कोडमध्ये काही करता येत नाही.

डेडझोन हे औषध आहे, पांघरूण नव्हे. एका मॉड्यूलवर मी स्वतः तो ४० चा ८० केला, ८० चा १२०, आणि संध्याकाळभर कोड घासत बसलो. शेवटी चुकून तारेला धक्का लागला आणि आकडा दोनशेने उडाला. हेडरच्या (मॉड्यूलवरच्या आडव्या पिनांची ओळ) पिनेला केसाएवढी भेग होती. तेव्हापासून माझी मर्यादा ठरलीये: पन्नासपेक्षा मोठा डेडझोन लागत असेल तर कोड बंद, मल्टिमीटर बाहेर.

मल्टिमीटर

वीज चालू असताना मीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि टोकं तारेला नको, मॉड्यूलच्या पिनांनाच लावा. ग्राउंड आणि पाच व्होल्टमध्ये पूर्ण व्होल्टेज दिसायला हवं. बोर्डजवळ पाच आणि मॉड्यूलजवळ शून्य, म्हणजे मधली तार गेली. मग ग्राउंड आणि एक्समध्ये मोजत दांडी हळूहळू फिरवा. व्होल्टेज ० ते ५ सलग चढलं आणि तरी बोर्डवरचं रीडिंग चुकतंय, तर मॉड्यूल सोडून द्या, बोर्डकडे वळा.

रोध मोजायचा असेल तर मॉड्यूल पूर्ण सुटं करा. ग्राउंड आणि पाच व्होल्टच्या पिनांमध्ये सुमारे ५ किलोओहम येईल, १० नव्हे, कारण दोन पोटेंशिओमीटर समांतर आहेत. इथे १० आला तर एक पोटेंशिओमीटर तुटलाय. ग्राउंड आणि एक्समध्ये, दांडी मध्यावर असताना, पाचऐवजी पावणेचारच्या आसपास येईल. तेही बरोबरच आहे. दुसरा पोटेंशिओमीटर मागच्या वाटेने हिशेबात येतो. दांडी एका टोकाला नेल्यावर शून्याजवळ, दुसऱ्या टोकाला ५ च्या आसपास. या आकड्यांत थोडा फरक चालतो. मध्येच उडी मारणारा किंवा अनंत दाखवणारा आकडा चालत नाही.

बोर्डच्या पिनेवर संशय असेल तर जॉयस्टिक काढून ती पिन एका तारेने आधी ग्राउंडला, मग ३.३ व्होल्टला, मग पाचला लावा. उनोवर ०, साधारण ६७५ आणि १०२३ यायला हवेत. ईएसपी३२ किंवा पिको असेल तर पाचची पायरी अर्थातच गाळा. त्याआधी ती पिन कोडमध्ये कुठेही आउटपुट केलेली नाही हे बघा, नाहीतर चांगली पिन तपासता तपासता जाईल. आकडे आले नाहीत तर पिन गेलीये. दुसरी वापरा.

सोल्डरिंग आणि साफसफाई

इथे पोचलात तर दोष मॉड्यूलमध्येच आहे. आडव्या हेडरच्या पाच पिना उजेडात तिरप्या धरून बघा. सोल्डरभोवती बारीक गोल चीर दिसली, किंवा पिन हलकेच दाबल्यावर आकडा उडाला, तर त्या पाचही जोडांना थोडं नवीन सोल्डर देऊन गरम करा. पाच मिनिटांचं काम, आणि सतत काढघाल झालेली बरीच जुनी मॉड्यूलं एवढ्यावर जिवंत होतात.

आकडा ठरावीक जागीच खडखडत असेल तर कार्बन पट्टीवर मळ आहे किंवा ती झिजलीये. वीज काढून पोटेंशिओमीटरच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा मारा, दांडी वीस-तीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा आणि पूर्ण सुकू द्या. बिजागरीचं तेल नको, ते धूळ धरतं. आठवड्यात खडखड परत आली तर पट्टी झिजलीये, आणि झिजलेली पट्टी धुऊन नवी होत नाही.

जॉयस्टिकचा सांगाडा बोर्डवरून उपसून नवा बसवू नका असंच मी सांगेन. तो डझनभराहून जास्त जागी सोल्डर केलेला असतो. सगळे पाय एकदम मोकळे करताना बोर्डच्या तांब्याच्या चकत्या उखडतात. अख्खं मॉड्यूल बदला.

कुठे थांबायचं

- नवीन मॉड्यूल लावून, तारा बदलून, छोट्या कोडवरही तेच लक्षण राहिलं तर बोर्ड गेलाय. चिप बदलणं घरच्या सोल्डरिंगचं काम नाही. बोर्ड बदला, आणि त्यावर महागडं काही बसवलेलं असेल तर इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञाकडे न्या.
- वीज देताच बोर्डवरची चिप हाताला चटका देत असेल तर पुन्हा वीज देऊ नका. ती कशामुळे तापतेय ते शोधायला प्रयोगशाळेतला करंट मर्यादित ठेवणारा पुरवठा आणि तो वापरणारा माणूस लागतो.
- जोडणीत लिथियम बॅटरी असेल आणि ती फुगलेली दिसली तर जॉयस्टिक विसरा. ती चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका.
- जॉयस्टिक घरगुती विजेवर चालणारी मोटार किंवा हीटर हाताळत असेल तर रिलेच्या पलीकडची बाजू इलेक्ट्रिशियनची.
- विजेवर चालणारी चाकाची खुर्ची, उचलण्याचं यंत्र, माणूस बसतो अशी कुठलीही गाडी: तिथली जॉयस्टिक यातल्या कुठल्याच उपायाने दुरुस्त करू नका. एक सुटलेली तार सगळे आकडे १०२३ वर नेते, म्हणजे पूर्ण वेग. ती उपकरणं अशा बिघाडात थांबतील अशी बनवलेली असतात, आणि आपली तार ती सोय मोडू शकते. ते काम उत्पादकाच्या अधिकृत सेवा केंद्राचंच.